केळुसकर डॉक्टरांची एवढीशी गोळी

लहान मुलांचे डॉक्टर आधी छाती तपासतात, जीभ बघतात, पोट दाबतात. आमचे केळुसकर डॉक्टर आधी मुलाला हुंगायचे. टाळू हुंगायचे, कानामागे हुंगायचे आणि मूल तान्हं असेल तर आईकडून ओला लंगोट मागून घेऊन तोही नाकाशी धरायचे. पहिल्यांदा आलेली बाई हे बघून पदर तोंडाला लावायची. जुन्या बाया मात्र घरूनच लंगोट पिशवीत घालून आणायच्या. डॉक्टर तो मागणार, हे त्यांना ठाऊक असायचं.

भिवंडीत मंडईच्या मागच्या गल्लीत खाली माझं औषधांचं दुकान आणि लाकडी जिना चढून गेलं की वर त्यांचा दवाखाना. दुकान खरं तर सासऱ्यांचं. ते गेले तेव्हा घरात फार्मसी शिकलेली एकटी मीच होते, म्हणून माझी काउंटरवर नेमणूक झाली. डॉक्टर मला 'दुकानदारीणबाई' म्हणायचे. मला तो शब्द मुळीच आवडत नसे आणि हे कळल्यापासून त्यांनी दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही.

हुंगण्यामागे त्यांचं शास्त्र होतं. ते म्हणायचे, शरीर म्हणजे स्वयंपाकघर. आत काही करपलं, नासलं तर त्याचा वास बाहेर येतोच. काही मुलं जन्मतःच अशी येतात की खाल्लेल्या अन्नातला एखादा घटक त्यांना पुरता मोडता येत नाही. अर्धवट मोडलेला माल अंगात साचतो आणि मग कुणाच्या लघवीला काकवीसारखा गोड वास येतो, तर कुणाच्या घामाला उंदराचा. अशी मुलं त्यांना उभ्या आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडली. एवढ्यासाठी हजारो लंगोट हुंगायचे का, असं मी एकदा विचारलं. तेव्हा म्हणाले, "दुकानदारीणबाई, तुम्ही दुकानात सापाच्या विषावरचं इंजेक्शन ठेवता. रोज कुणाला साप चावतो का?"

छाती ते तपासायचे, पण त्याचीही त्यांची वेळ ठरलेली होती. आमच्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचे कारखाने. लूम चालू असताना माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे बाळाच्या हृदयाचे बारीक आवाज कुठून येणार? म्हणून ज्या मुलाच्या हृदयाबद्दल शंका असेल त्याला ते शुक्रवारी बोलवायचे, कारण त्या दिवशी लूमला सुट्टी. नाहीतर लोडशेडिंगच्या वेळी. वीज गेली की अख्खी भिवंडी सरकारच्या नावाने बोटं मोडायची आणि आमचे डॉक्टर लगबगीने स्टेथोस्कोप कानाला लावायचे. अंधारात घामाने निथळत, डोळे मिटून, एखाद्या मुलाच्या छातीशी ते इतका वेळ बसायचे की बापाला वाटावं, डॉक्टरांचा डोळा लागला.

त्यांची प्रॅक्टिस मात्र बेताचीच होती आणि त्याला कारण त्यांचं तोंड. इथल्या लोकांना डॉक्टर म्हणजे सगळं जाणणारा माणूस लागतो. केळुसकर डॉक्टर बिनदिक्कत सांगायचे, "माहीत नाही. दोन दिवस वाट बघू." लूमवरचा एखादा कामगार पोराला घेऊन यायचा आणि काकुळतीने म्हणायचा, "डाक्टर साब, एक सुई लगा दो ना." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, की सुई का काम दर्जी का है, मेरा नहीं. तो बिचारा जिना उतरून थेट समोरच्या दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्यायचा. चिठ्ठीवर एखादंच औषध, तेही बहुतेक वेळा मीठ-साखरेचं पाणी. वरती असा डॉक्टर असला की खालच्या केमिस्टने काय खायचं? मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ बोल लावले आहेत आणि दोन-तीनदा तोंडावरही. ते हसून म्हणायचे, साबण विका, तुमचा तो पिवळा साबण चांगला असतो.

मी हे सगळं सांगते आहे ते तन्वीमुळे. तन्वी भिवंडीजवळच्या पूर्णा गावची. तिच्या बापाचं नाव जयवंत. खाडीलगतची त्यांची भातशेती होती, तिथे आता गोदामं उभी राहिली होती आणि जयवंतचा तीनमजली बंगला आणि दारात स्कॉर्पिओ. माणूस मनाने चांगला, पण पैसा नवीन होता आणि प्रत्येक गोष्ट सगळ्यात मोठी हवी असायची. मोठी गाडी, मोठं गेट, मोठा डॉक्टर. ही पहिली मुलगी जन्मली आणि जन्मल्या दिवसापासून तिला झटके येऊ लागले. ज्या नर्सिंग होममध्ये ती होती तिथे केळुसकर डॉक्टर बघायला जात. झटके थांबवायची जी औषधं असतात ती सुरू झाली, डोस वाढवला, दुसरं औषध जोडलं. पोर काही थांबेना. डॉक्टरांनी तिला हुंगलं. वास काहीच नव्हता.

एका शुक्रवारी ते माझ्या काउंटरवर आले आणि म्हणाले, "बी-सिक्स आहे का? नुसतं. बी-कॉम्प्लेक्स नको."

माझ्याकडे ते नेहमी असायचं. टीबीच्या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, त्यावर ही जीवनसत्त्वाची गोळी देतात आणि सुताच्या धुळीत काम करणाऱ्या गावात टीबीला काय तोटा. मी विचारलं कुणाला हवं आहे, तर म्हणाले, पूर्ण्याच्या पोरीला. लागू पडेल का, विचारलं. अर्थात, "माहीत नाही."

त्यांनी वाचलं होतं की जन्मतः झटके येणाऱ्या मुलांत एखादंच असं निघतं, जे कोणत्याही औषधाला जुमानत नाही, पण या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने शांत होतं. तसं का होतं, ते तेव्हा जगात कुणालाच सांगता येत नव्हतं. नर्सिंग होममध्ये जाऊन त्यांनी गोळी कुटली, पाण्यात कालवली, नळीने पोरीच्या पोटात सोडली आणि स्टुलावर बसून राहिले. मी औषधं पोचवायला गेले होते, ती तिथेच थांबले. बाहेर लूम बंद होते. दुपार कलली तसे झटके विरळ होत गेले आणि चहाच्या वेळेला ती पोर मूठ वळून झोपली. तिची आई वंदना, जेमतेम विशीची मुलगी, भिंतीला टेकून उभी होती. पोर इतकी स्वस्थ तिने पाहिलीच नव्हती, त्यामुळे ती गेली असं वाटून वंदनाने हंबरडा फोडला. डॉक्टरांनी तिचा हात धरून पोरीच्या पोटावर ठेवला. पोट वरखाली होत होतं.

पुढे हळूहळू बाकीची दोन्ही औषधं बंद झाली. उरली ती एवढीशी गोळी.

जयवंतला हा अपमान वाटला. माझ्या दुकानात गोळ्यांची पट्टी हातात घेऊन तो उलटीसुलटी करून बघायचा. "एवऱ्या मोठ्या रोगाला एवरीशी गोली?" म्हणायचा. टीबीवाल्यांना देतात ती आणि माझ्या पोरीला तीच? इंपोर्टेड काही नाही का? शेवटी तो पोरीला मुंबईच्या मोठ्या तज्ज्ञाकडे घेऊन गेला. तज्ज्ञ भला माणूस होता. त्याने नीट तपासलं आणि सांगितलं की निदान बरोबर असू शकेल, नसूही शकेल. झटके आपोआप थांबले असतील किंवा आधीच्या औषधांनी थांबले असतील. खात्री करायची तर मार्ग एकच. पोरीला दवाखान्यात ठेवायचं, गोळी बंद करायची आणि बघायचं. झटके आले की निदान सिद्ध, गोळी पुन्हा सुरू.

शास्त्राला धरूनच होतं ते. जयवंत खुशीत परत आला, कारण आता काहीतरी मोठी टेस्ट होणार होती. केळुसकर डॉक्टर नाही म्हणाले. पोर बरी आहे, गोळी निरुपद्रवी आहे, चालू दे. जयवंत तणतणत निघून गेला. संध्याकाळी डॉक्टर खाली माझ्याकडे येऊन स्टुलावर बसले. मग म्हणाले, "तो मुंबईचा तज्ज्ञ बरोबर आहे हो. मी भित्रा आहे. त्या पोरीला थरथरताना पाहिलंय, ते मला परत पाहायचं नाही. त्यापेक्षा मला नाही कळलं तरी चालेल."

त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली आणि मी नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलण्याऐवजी चहा मागवला.

तन्वी वर्षाची झाली. बसायला उशिरा लागली, उभी राहायला उशिरा लागली, पण लागली. चैत्रात ते सगळे एकवीरेला गेले, तिचं जावळ काढायला. परत आल्यावर चार-पाच दिवसांनी वंदना रिक्षातून उतरली ती थेट जिन्याने वर धावत. तिच्या खांद्यावर तन्वी, हातपाय ताठ, डोळे वर. लूम जोरात चालू होते. मी पट्टी घेऊन मागोमाग वर गेले. पुढचे दोन दिवस पोर पुन्हा त्याच नर्सिंग होममध्ये होती. गोळी पोटात गेली, झटके थांबले.

झालं होतं असं. जयवंतची आई हिराबाई, तिने वर्षापूर्वी पोर मरणाच्या दारात असताना एकवीरेला नवस बोलला होता. वर्षभर पोर सुखरूप राहिली तर तिची दवा तुझ्या पायाशी ठेवीन आणि पुन्हा तिच्या तोंडाला लावणार नाही. वर्षभर देवीने राखलं, तर आता आपण दवेवर विसंबून राहायचं म्हणजे देवीवर अविश्वास. घरात नव्याने आणलेली अख्खी पेटी हिराबाईने पिशवीत भरून गडावर नेली आणि ठेवून आली. वंदनाला बोलायची सोय नव्हती.

मी डॉक्टरांना म्हटलं, आता सिद्ध तरी झालं. ते म्हणाले, "हो. जे मला करायचं नव्हतं, तेच होऊन सिद्ध झालं." निदान खरं ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कुठे शोधून सापडला नसता. आता हेही नक्की होतं की ही गोळी पोरीला जन्मभर लागणार, आणि चुकली तर एखादे दिवशी पोर हाती लागणार नाही.

पण खरी अडचण पुढेच होती. वंदना खाली मान घालून सांगत होती की सासूबाई घरात गोळी येऊ देणार नाहीत. पोरीवरची माया कमी होती अशातला भाग नाही, पोरीसाठी हिराबाईने जीव दिला असता. पण देवीला दिलेली वस्तू परत कशी घ्यायची? घेतली तर देवीचा कोप होणार, तोही पोरीवरच. झटके आले ते देखील नवस फेडताना आपल्या मनात किंतू आला म्हणून, असं तिने ठरवून टाकलं होतं. जयवंत बाहेर कितीही मोठा असला तरी आईपुढे त्याचा आवाज निघत नसे.

डॉक्टर म्हणाले, "दुकानदारीणबाई, तुमची स्कूटी काढा."

दवाखान्यात देवाचा एकही फोटो न लावणारा हा माणूस माझ्या मागे बसून, बॅग पोटाशी धरून, कंटेनरच्या धुरातून पूर्ण्याला निघाला. वाटेत मी विचारलं की तुम्ही त्या बाईला काय सांगणार आहात, तर उत्तर तेच, जे त्यांच्याकडून नेहमी मिळायचं.

बंगल्याच्या दिवाणखान्यात संगमरवर, काचेचं झुंबर, सोफ्यावर अजून प्लास्टिक. हिराबाई तिथे नव्हतीच. ती मागच्या दारी पायरीवर विळी घेऊन मासळी साफ करत बसली होती, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून. जयवंतने सोफ्यावर बसा बसा केलं. डॉक्टर सरळ मागे गेले आणि हिराबाईच्या खालच्या पायरीवर बसले. ती उठायला लागली, तर म्हणाले, काम चालू दे आजी, मी थांबतो. आणि खरंच थांबले. ती बोंबील साफ करत होती, डॉक्टर बघत होते.

मग त्यांनी आधी तिची माफी मागितली. म्हणाले, मी वर्षभर तुमच्या मुलाला समजावलं, सुनेला समजावलं. घर चालवता तुम्ही, पोरीला भरवता तुम्ही, आणि तुमच्याशी मी एक शब्द बोललो नाही. चूक माझी आहे. हिराबाईचा हात विळीवर थांबला. इतका शिकलेला माणूस आपल्या पायरीवर बसून असं बोलतो, याची तिला सवय नव्हती.

"देवीला काय दिलंत?" त्यांनी विचारलं.

"दवा."

"दवा तर मी मागेच बंद केली होती, आजी. दोन दवा होत्या, त्या केव्हाच सुटल्या. तुमचा नवस तेव्हाच फिटला. ही गोळी म्हणजे दवा नाही. जेवणातच असतं ते. तुमच्या तांदळात आहे, या मासळीत आहे. सगळ्यांना थोडं पुरतं, हिला जास्त लागतं, एवढंच. हिचं जेवण तुम्ही देवीला देऊन आलात. नातीला उपाशी ठेवीन, असा नवस बोलला होतात का?"

हिराबाईने पुढचा बोंबील विळीवर धरला. मांजर आलं, तिने त्याला हाकललं. मागे जयवंत आणि वंदना दारात उभे होते. मला वाटलं, आता ही बाई यांना उठवणार.

"जेवान हाय म्हंता?" ती म्हणाली.

"जेवणच."

"मंग देवी पोराच्या तोंडचा जेवान कशाला काढंल?" तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आन ती गोली इकरं. मीच भरवीन."

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. तन्वीला मऊ भातात गोळी कुस्करून हिराबाईने स्वतःच्या हाताने भरवली, आधी देवीच्या नावाने एक शीत बाजूला ठेवून. परतताना मी डॉक्टरांना विचारलं की तुम्ही सांगितलंत ते खरं होतं की बाईला पटवायला? ते म्हणाले, जीवनसत्त्व अन्नच असतं, यात खोटं काय? थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटतं, मी पायरीवर बसून माफी मागितली म्हणून ती वळली. गोळीचं पटलं म्हणून नाही."

त्यानंतर गोळी चुकली नाही. हिराबाई शुक्रवारी तन्वीला घेऊन यायची, येताना डब्यात जवळा नाहीतर कोळंबी. डॉक्टर तन्वीला हुंगायचे, तीही त्यांना हुंगायची. त्यांच्या सदऱ्याला माझ्याच दुकानातल्या पिवळ्या साबणाचा वास यायचा.

दोन-तीन वर्षांनी एका दुपारी ते जिना इतक्या घाईने उतरले की मला वाटलं, वर आग लागली. हातात छापील कागद. त्या आजाराचं मूळ सापडलं होतं. मला काउंटरमागून बाहेर बोलावून, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, त्यांनी ते समजावलं. डाळीत, दुधात, मासळीत जी प्रथिनं असतात त्यांचे पोटात सुटे तुकडे होतात, अमिनो आम्लं. त्यातलं एक लायसिन. ते पायरी-पायरीने मोडत जातं आणि मधल्या एका पायरीवर अल्डिहाइड नावाच्या जातीचा एक पदार्थ तयार होतो. त्याचं ऑक्सिडेशन करून त्याला साधं आम्ल बनवणारं एक एन्झाइम आपल्या सगळ्यांच्या अंगात काम करत असतं. तन्वीच्या अंगात ते काम करत नाही. मग तो अल्डिहाइड साचतो आणि साचलेला माल अंगातल्या बी-सिक्सला पकडून निकामी करतो. बी-सिक्स नाही म्हणून मेंदू बिथरतो. "आणि वास येत नाही हो त्याला," ते म्हणाले. "मी जन्मभर हुंगलं असतं तरी सापडलं नसतं." हे सांगताना ते लहान मुलासारखे हसत होते. गिऱ्हाइकं डोकेदुखीची गोळी न घेताच निघून गेली.

त्या शुक्रवारी त्यांनी हिराबाईला ते सांगितलं आणि तिथे त्यांना मासळीचा दाखला सापडला. म्हणाले, आजी, तुम्ही मासळी साफ करता, डोकी-काटे निघतात. ते उचलून लांब टाकणारं माणूस घरात नसलं तर काय होईल? मांजरं येतील, म्हणाली हिराबाई. आणि मांजरं नुसते काटेच खातील का? नाही, चांगली मासळीही पळवतील. तर हिच्या अंगात ते काटे टाकणारं माणूस नाही. मांजरांना आपण हाकलू शकत नाही. आपण एवढंच करतो, मांजरांनी खाऊन उरेल इतकी मासळी रोज ठेवतो. हिराबाईने मान डोलावली आणि म्हणाली, मग एक दिवस बाजार चुकला तरी पोर उपाशी. वैद्यकाच्या पुस्तकात हे इतक्या नेमकेपणाने लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

त्याच बैठकीत त्यांनी वंदना आणि जयवंतला हेही सांगितलं की दोघांच्याही रक्तात हा दोष अर्धा-अर्धा आहे. पुढचं मूल चांगलं असू शकेल, तन्वीसारखंही असू शकेल. पुष्कळ दिवस त्या घरात दुसऱ्या मुलाचा विषय निघाला नाही.

तो निघाला तेव्हा डॉक्टरांचं स्वतःचं हृदय बिघडलं होतं. दवाखाना बंद करून ते कल्याणला मुलीकडे राहायला गेले होते. वंदना तिथे जाऊन विचारून आली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिने स्वतः गोळी घ्यायची आणि बाळ जन्मलं की पहिल्या दिवसापासून त्यालाही द्यायची, असं ठरलं. बाळात दोष आहे की नाही हे सांगणारी तपासणी इथे होत नव्हती. गोळी थांबवून बघायची गोष्ट आता कुणीच काढली नाही, जयवंतनेही नाही.

मुलगा झाला. पुढे त्याचं रक्त बाहेर पाठवून तपासणी झाली तेव्हा कळलं की त्याला तो आजार नाही, गोळीची गरजच नव्हती. हे ऐकायला डॉक्टर राहिले नाहीत. बाळाच्या बारशानंतर थोड्याच दिवसांत ते झोपेत गेले. आम्हा सगळ्यांना हळहळ वाटली की एवढी एक गोष्ट त्यांना कळायला हवी होती. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आठवलं की वाटतं, त्यांचं काही अडलं नव्हतं.

ती भेट बाळ रात्री झालं त्याच्या सकाळची. मी गोळ्या घेऊन नर्सिंग होमला पोचले तर डॉक्टर आधीच रिक्षाने कल्याणहून आलेले, मुलीला न सांगता. फार वाळले होते. खाटेवर वंदना, उशाशी हिराबाई, दारात जयवंत. सिस्टरने वाटी आणि दोन चमचे आणले. डॉक्टरांनी पट्टीतून गोळी काढली, पण ती बोटांतून निसटून खाटेवर पडली. कुणी काही बोलायच्या आत तन्वीने ती उचलली. तेव्हा ती शाळेत जाऊ लागली होती, पहिलीला. बोलायला जरा अडखळायची, पण हात स्थिर होते. तिने गोळी मोडून तिचा तुकडा दोन चमच्यांमध्ये धरून दाबला, पुन्हा दाबला, बोटाने चाचपून खडा राहिला नाही ना ते पाहिलं, वंदनाने वाटीत काढून दिलेल्या दुधात तो कालवला. रोज स्वतःसाठी करत होती ती हे. मग बोटाचं टोक त्यात बुडवून तिने भावाच्या ओठाला लावलं आणि तो चोखायला लागेपर्यंत थांबली.

सिस्टर पुढे झाली होती, डॉक्टरांनी तिला हाताने अडवलं. वाटी संपेपर्यंत ते तिच्या बोटांकडे बघत राहिले. नंतर त्यांनी बॅग उचलली, तन्वीला विचारलं, "उद्या कोण देणार?"

"मी," ती म्हणाली.

"आणि परवा?"

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही यांना कळत नाही. डॉक्टर हसले. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला निघाले, तर नको म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी सावकाश उतरत गेले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.